चेंडू आणणं, सोडणं आणि झेलणं: कुत्र्याला शिकवताना पडणारे प्रश्न

सुरुवातीआधी

चेंडू आणून देणं कुत्र्याला उपजतच येतं ना? मग शिकवायचं काय?

उपजत येतं ते अर्धंच. हलणाऱ्या वस्तूमागे धावणं आणि ती जबड्यात पकडणं हा शिकारी स्वभावाचा भाग आहे, ते बहुतेक कुत्र्यांना कुणी शिकवत नाही. पण पकडलेली वस्तू माघारी आणायची आणि वर दुसऱ्याच्या हातात सोडून द्यायची, यात कुत्र्याला काय मिळतं? शिकार म्हणून बघितलं तर हा निव्वळ तोटा. ‘धावतो, पकडतो, पण आणत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते ती यामुळेच.

या खेळात पाच कामं आहेत: मागे धावणं, उचलणं, तोंडात धरून ठेवणं, घेऊन येणं आणि सोडणं. पहिल्या दोन कामांत आनंद आहे, शेवटच्या तीन कामांत तो आपल्याला भरावा लागतो. म्हणून शिकवायचं शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी सोडणं, मग धरणं, मग दोन पावलांवरून आणणं, आणि लांब फेकणं सगळ्यात शेवटी. असं केलं की प्रत्येक फेरीत कुत्रा नव्या, अवघड भागाकडून ओळखीच्या आणि फायद्याच्या भागाकडे येतो. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी मैदानाच्या टोकापर्यंत चेंडू फेकतात आणि मग त्याच्या मागे पळत सुटतात.

जातीमुळे फरक पडतो का?

पडतो. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती मारलेले पक्षी हलक्या तोंडाने उचलून आणण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणल्या गेल्या. बॉर्डर कॉली धावते जिवाच्या आकांताने, पण चेंडू थांबला की त्याच्यासमोर दबा धरून टक लावते. टेरियर उचलतो आणि मान झटकून त्या खेळण्याचा ‘जीव घेतो’. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींचा रस वस्तू थांबली की बऱ्याचदा तिथेच संपतो, आणि बीगलला चेंडूपेक्षा वाटेतला वास महत्त्वाचा वाटतो. यातलं काहीही दोष नाही. शिकतात सगळेच, फक्त कोणत्या टप्प्यावर जास्त वेळ लागणार ते जातीवरून आधी कळतं. मिश्र जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत खेळणं थांबल्यावर तो काय करतो ते बघा, तेवढं पुरतं.

कोणत्या वयात सुरू करावं?

आठ आठवड्यांच्या पिल्लासमोर जमिनीवरून मऊ खेळणं एक-दोन मीटर घरंगळत सोडायला काहीच हरकत नाही. साधारण चार ते सात महिने या काळात दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात. हिरड्या दुखत असतात, त्यामुळे पिल्लू मध्येच खेळणं टाकून देतं किंवा उचलायला नकार देतं. त्या दिवसांत कापडी खेळणं वापरा, ओढाओढी टाळा.

उड्या मारून झेलायला लावणं मात्र पुढे ढकला. हाडांच्या टोकांची वाढीची जागा लहान जातींत वर्षाच्या आसपास भरते, मोठ्या जातींत दीड वर्षही लागू शकतं. तोवर चारही पाय जमिनीवर.

मोठ्या, अगदी प्रौढ कुत्र्यालाही शिकवता येतं. त्याला आधी कुणी चपला-मोजे तोंडातून हिसकावून ओरडलेलं असेल, तर ‘सोड’ या भागाला जास्त दिवस द्या.

खेळणं कोणतं घ्यावं?

पहिला निकष आकार. चेंडू इतका मोठा हवा की तो दाढांच्या मागे सरकूच शकणार नाही. टेनिसच्या चेंडूचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटिमीटर असतो. मध्यम कुत्र्याला तो ठीक, पण मोठ्या जबड्याच्या कुत्र्याच्या घशात तो जाऊन बसू शकतो, आणि लाळेने बुळबुळीत झालेला चेंडू तिथून बोटांनी निघत नाही. शंका आली तर एक माप मोठा घ्या. घरात लहान-मोठे दोन कुत्रे असतील तर चेंडू मोठ्याच्या मापाचा.

दुसरा निकष कडकपणा. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर किंचित तरी दबलं पाहिजे. अजिबात न दबणाऱ्या वस्तूवर दाढेचा टवका उडतो. टेनिसच्या चेंडूवरची लव दिसायला मऊ, पण त्यात माती-वाळू अडकली की ती दातांवर पॉलिश कागदासारखी घासते. चार-दोन वेळा आणण्याने बिघडत नाही, तासन्‌तास चघळू दिल्याने सुळे बोथट होतात. रोजच्या खेळाला गुळगुळीत रबराचा पोकळ चेंडू बरा, आणि त्याला आरपार दोन भोकं असतील तर आणखी बरा, कारण एकच भोक असलेल्या चेंडूत हवेची पोकळी तयार होऊन जीभ आत ओढली जाऊ शकते.

शिकवण्याच्या पहिल्या टप्प्यात मात्र चेंडूपेक्षा लांबट, मऊ खेळणं सोपं जातं: कापडाची जाड गुंडाळी, गाठ मारलेली पट्टी, मधोमध बारीक असलेलं रबरी दंडुकं. त्याची दोन्ही टोकं तोंडाबाहेर राहतात, म्हणून हात दातांपासून दूर ठेवून धरता येतं.

काठी किंवा दगड फेकला तर?

नको. धावत्या कुत्र्यासमोर काठी जमिनीत तिरपी रुतते आणि तिचं टोक टाळूत किंवा घशात घुसतं. आत राहिलेली कुसळं महिन्याभरानेही गळू करतात. दगडाने दात फुटतात आणि गिळला तर आतड्यात अडतो.

लाल चेंडू हिरवळीत पडला की सापडतच नाही. नाक कमी पडतं का?

नाकाचा दोष नाही, चेंडूचा रंग चुकला. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला नीट वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा मात्र एकाच मातकट-पिवळसर छटेत मिसळून जातात. हिरवळीवर निळा चेंडू घ्या. नाकाने शोधायला लावायचं असेल तर मुद्दाम लाल घ्या, तो वेगळा आणि छान खेळ आहे.

खेळणं एरवी कुत्र्याजवळ ठेवावं का?

आणण्याचं खेळणं नाही. चघळायची खेळणी वेगळी, ती दिवसभर पडली तरी चालतील. आणायचं खेळणं कपाटात. ते फक्त तुमच्या हातून, फक्त खेळाच्या वेळी बाहेर येतं, आणि म्हणून त्याला भाव राहतो.

शिकवण्याची पद्धत

‘सोड’ कसं शिकवायचं?

तयारी: दोन खेळणी, वाटाण्याएवढे मऊ खाऊचे वीस-पंचवीस तुकडे, आणि घरातली शांत खोली. खाऊ खिशात किंवा पाठीमागच्या डबीत. हातात दिसता कामा नये.

कुत्र्याच्या तोंडी कमी आवडीचं खेळणं द्या, दुसरं टोक तुमच्या हातात. दोन-तीन सेकंद हलकं हलवा, मग हात मांडीला टेकवून खेळणं ‘मेलेलं’ करा. ना ओढायचं, ना सोडायचं. हलत नसलेल्या वस्तूतली गंमत जाते आणि जबडा ढिला पडतो. तो ढिला पडला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, खाऊ द्या आणि लगेच खेळणं परत त्याच्या तोंडी द्या. हे परत देणं हाच या धड्याचा गाभा आहे: सोडल्याने खेळ संपत नाही, उलट पुढे सुरू होतो, हे त्याला कळलं पाहिजे.

पाच-सहा सेकंदांत सोडलं नाही तर खाऊचा तुकडा नाकाला लावा. पण हा उपाय पहिल्या चार-पाच वेळांपुरताच. नंतर रिकामा हात तसाच नाकाकडे न्या आणि सोडल्यावर दुसऱ्या हाताने खाऊ द्या. नाही तर खाऊ दिसल्याशिवाय न सोडण्याचा सौदा तो पक्का करतो.

‘सोड’ हा शब्द अजून उच्चारलेला नाही, हे लक्षात आलं असेल. हात स्थिर झाल्याबरोबर कुत्रा दहापैकी आठ वेळा सोडायला लागला की मग शब्द आणा: आधी शब्द, अर्ध्या सेकंदाने हात स्थिर. शब्द एकदाच. ‘सोड, सोड, अरे सोड ना’ असं म्हटलं की कुत्रा तिसऱ्या ‘सोड’ची वाट बघायला शिकतो.

तो उचलतच नाही, नुसता हुंगून बघतो. काय करू?

मग उचलणं तुकड्यातुकड्याने बांधावं लागेल. खेळणं जमिनीवर ठेवा. त्याने बघितलं की शाब्बास आणि खाऊ. पाच-सहा वेळा झालं की नुसत्या बघण्याला काही नाही, नाक लागलं तरच. मग तोंड उघडून दात लागले तर. मग जमिनीपासून बोटभर उचललं तर. मग एक सेकंद धरलं तर. क्लिकर (दाबल्यावर ‘टक्’ आवाज करणारी छोटी डबी) वापरत असाल तर तो इथे खरा कामाला येतो, कारण बक्षीस कशाचं ते एका सेकंदाच्या आत कळवावं लागतं आणि ‘शाब्बास’ म्हणेपर्यंत कुत्र्याने तोंड फिरवलेलं असतं.

एका वेळी दोन-तीन मिनिटंच, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. एखाद्या पायरीवर लागोपाठ तीनदा चुकला तर एक पायरी खाली या. खाऊ जास्त जातोय असं वाटलं तर तेवढं जेवण कमी करा. बाहेरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांत बसवायचा असतो.

खाऊत अजिबात रस नसलेल्या कुत्र्यासाठी खेळणं दोरीला बांधून जमिनीवरून नागमोडी ओढा. त्याच्या दिशेने ढकलू नका, त्याच्यापासून पळवा. शिकार कधी शिकाऱ्याकडे येत नाही.

पहिल्यांदा ‘आण’ कधी?

सोडणं आणि दोन सेकंद धरणं जमलं की. जागा निवडताना भिंतींचा उपयोग करून घ्या. अरुंद बोळ किंवा घरातला व्हरांडा, एका टोकाला बंद दार आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही. चेंडू दाराच्या बाजूला दीड-दोन मीटरवर सोडा. उचलल्यावर कुत्र्याला यायला वाट एकच उरते, तुमच्याकडची.

तो वळला की दोन पावलं मागे सरका, जमल्यास बाजूला वळून बसा. समोर उभं राहून वाकलात आणि हात पुढे केलात तर कुत्र्याला ते हिसकावून घेणं वाटतं आणि तो हातभर लांब थांबतो. जवळ आला की आधी छाती-मान चोळा, खेळण्याला हातही लावू नका. तीन-चार सेकंद त्याला ते मिरवू द्या. मग ‘सोड’, खाऊ, आणि पुन्हा फेकणं. ‘आण’ हा शब्द तो वळून तुमच्याकडे निघण्याच्या बेतात असताना म्हणा. धावत जाताना ओरडून काही उपयोग नाही.

बोळात दहापैकी आठ वेळा जमलं की अंतर तीन मीटर, मग पाच. मग मोठी खोली, मग बंदिस्त अंगण, मग मैदान. जागा बदलली की अंतर पुन्हा दीड मीटरपासून. घरात पटाईत असलेला कुत्रा मैदानात ‘विसरतो’, कारण तिथल्या वासांशी आणि आवाजांशी तुमची स्पर्धा असते.

दोन चेंडूंची पद्धत म्हणजे काय?

अगदी एकसारखे दोन चेंडू घ्यायचे. पहिला फेकायचा, कुत्र्याने तो उचलून वळलं की हातातला दुसरा उडवत, आपटत राहायचा. तो जवळ येऊन पहिला टाकतो, त्याच क्षणी दुसरा विरुद्ध दिशेला फेकायचा. तो धावतो तेव्हा तुम्ही पहिला उचलून घेता. इथे बक्षीस खाऊचं नसून पुढच्या धावेचं आहे, त्यामुळे धावण्याने वेड्या झालेल्या कुत्र्यांना ही पद्धत झटकन लागू पडते. एकच मर्यादा: कुत्रा चेंडू हातात न देता वाटेत टाकायला शिकतो. हातात हवा असेल तर दुसरा चेंडू हळूहळू उशिरा दाखवा आणि तुम्ही मागे सरकत राहा.

फेकण्याआधी ‘थांब’ म्हणायला लावावं का?

हो, पण आणणं पक्कं झाल्यावर. सुरुवातीलाच थांबवलं तर धावण्याची हौसच विझते. पक्का झालेला कुत्रा मात्र फेकण्याआधी बसायला शिकलाच पाहिजे, कारण हातावर झेप घेणारा कुत्रा कधी ना कधी बोटं पकडतो.

नेहमीच्या अडचणी

चेंडू घेऊन पळून जातो आणि आम्हाला मागे पळवतो.

कारण तो खेळ त्याला आणण्यापेक्षा जास्त आवडला आहे आणि तुम्ही तो त्याच्याशी मनापासून खेळताय. उपाय दोन. पहिला, मागे जाणं आजपासून बंद. तुम्हीच विरुद्ध दिशेला पळा, आवाज करत, टाळ्या वाजवत. दुसरा, पाच ते दहा मीटरची हलकी लांब दोरी, छातीपट्ट्याला लावलेली. गळपट्ट्याला कधीच नाही, कारण पूर्ण वेगात दोरी संपली तर झटका मानेला बसतो. दोरी ही कुत्र्याला ओढून आणण्यासाठी नाही, पळून जाण्याचा पर्याय काढून घेण्यासाठी आहे. दोरीच्या टोकावर तुम्ही स्थिर उभे, तो कंटाळून तुमच्याकडे पाऊल टाकतो, तिथे शाब्बास. दोरी हाताला गुंडाळू नका, कातडी सोलवटते.

अर्ध्यावर आणून टाकतो.

बहुधा तुम्ही एक-दोनदा पुढे जाऊन उचललात. आता तुमची जागा फेकल्यानंतर तीन पावलं मागे न्या. तो नेहमीच्या अंतरावर टाकतो तेव्हा काही बोलू नका, तिथेच उभे राहा. चेंडूला पुन्हा तोंड लावलं की उत्साहाने बोलवा आणि मागे सरका. दुसरं कारण, खाऊ आधीच दिसला: तोंडात चेंडू असताना खाऊ घेता येत नाही, म्हणून तो चेंडू टाकून नुसता येतो. तिसरं कारण दमणूक. दहाव्या फेरीला असं व्हायला लागलं तर उद्यापासून सात फेऱ्या.

जाऊन तिथेच बसतो आणि चघळतो.

खेळणं बदला. आवाज करणारी, लव असलेली, फाडता येणारी खेळणी चघळायला बोलावतात. साधं गुळगुळीत रबर घ्या आणि अंतर कमी करा. खेळण्यापूर्वी चघळायचं दुसरं काही देऊन ती भूक भागवलीत तर आणखी बरं.

खेळण्याजवळ गेलं की गुरगुरतो.

तो खेळ तिथेच थांबवा आणि गुरगुरण्यावर ओरडू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना दात लागतात. लांबून, त्याच्या अंगावर न जाता, चांगला खाऊ त्याच्याकडे टाका आणि निघून जा. दिवसातून चार-पाचदा, खेळणं न घेता. माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं, हे बसलं की मग अदलाबदल सुरू करा: उत्तम खाऊ द्या, खेळणं उचला, बघा, परत द्या. शरीर ताठरलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला किंवा चावा बसला असेल तर हे घरगुती प्रकरण राहिलेलं नाही. पशुवैद्याकडून दुखणं तपासून घ्या आणि वर्तनाचा अभ्यास असलेल्या प्रशिक्षकाला गाठा. घरात लहान मुलं असतील तर वाट बघू नका.

ओढाओढी खेळली तर सोडायचं विसरेल का?

नाही, उलट मदत होते. नियम तीन: सुरू तुम्ही करायचं, ‘सोड’वर संपलं पाहिजे, दात कातडीला लागला की अर्धा मिनिट खेळ बंद. ओढताना खेळणं कुत्र्याच्या डोक्याच्या पातळीत, आडवं हलवा. वर उचलून लटकवू नका, मणक्यावर ताण येतो. सुताची दोरी असेल तर सुटलेले धागे रोज कापा. गिळलेला लांब धागा आतड्याची चुणी करून तो कापत जातो आणि शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही.

फेकलं नाही की भुंकत बसतो.

भुंकल्यावर एकदा जरी फेकलंत तरी पुढचा अर्धा तास तुम्हीच विकत घेतलात. भुंकताना चेंडू पाठीमागे, नजर दुसरीकडे. दोन सेकंद शांतता, मग फेका. मग तीन, मग पाच. शेवटची फेरी कुठली ते कळावं म्हणून ठरलेला शब्द ठेवा, ‘संपलं’ म्हणा, चेंडू खिशात, आणि जमिनीवर खाऊचे चार-पाच दाणे विखरून हुंगायला लावा. नाक कामाला लागलं की उत्तेजना उतरते.

दोन कुत्रे एकत्र खेळले तर?

शिकेपर्यंत एकेकटे. नंतरही एकच चेंडू दोघांमध्ये फेकू नका. पूर्ण वेगातल्या धडकेत खांदे आणि बरगड्या जातात.

झेलायला शिकवणं

खाऊ फेकला तर नाकावर आपटतो, तोंडच उघडत नाही.

सगळ्यांचं असंच सुरू होतं. अगदी नाकाजवळची वस्तू कुत्र्याला धूसर दिसते, त्यामुळे तोंड कधी उघडायचं हे त्याला लांबूनच ठरवावं लागतं आणि तो अंदाज सरावाने येतो. सुरुवातीला हलकं, सावकाश पडणारं काहीतरी घ्या. मीठ-लोणी न लावलेल्या मक्याच्या लाह्या उत्तम, फक्त न फुटलेले दाणे काढून टाका.

कुत्रा बसलेला, तुम्ही साधारण एक मीटरवर. लाही त्याच्या नाकाच्या उंचीवर दाखवा, ‘झेल’ म्हणा आणि खालून वर हलकी कमान काढत अशी टाका की ती नाकाच्या जरा वरून खाली येईल. सरळ तोंडावर मारू नका, तो डोळे मिटेल. पहिल्या काही वेळा ती नाकावरून घरंगळून जमिनीवर पडेल आणि इथेच बहुतेकांचा धडा फसतो: पडलेली लाही कुत्रा खातो. खाली पडूनही मिळत असेल तर झेलायचं कशाला? पडलेला तुकडा त्याच्याआधी तुम्ही उचला किंवा पायाखाली झाका. झेललेलाच त्याचा. दहा-बारा वेळा टाकून थांबा. टाकण्याची पद्धत दरवेळी सारखी ठेवा, निदान पहिला आठवडाभर.

लाह्या झेलतो, पण चेंडूला घाबरून मान फिरवतो.

मध्ये एक पायरी राहिली. लाहीनंतर गाठ मारलेलं मऊ कापड, मग भुसा भरलेलं छोटं खेळणं, मग हलका पोकळ चेंडू. झेललेल्या खेळण्याचा तोंडाला स्वाद नसतो, म्हणून प्रत्येक झेलीला खाऊ द्या आणि ‘सोड’वर परत घ्या. अंतर एक मीटरवरून दीड, मग दोन. त्याहून लांबून फेकायचं तर कमान उंच नको, चपटी हवी.

एकदा कडक चेंडू दातावर आपटला तर कुत्रा कितीतरी दिवस लक्षात ठेवतो. क्रिकेटचा, लाकडी किंवा भरीव रबराचा चेंडू झेलायला कधीच नाही.

उडती तबकडी कशी शिकवावी?

माणसांच्या खेळातली कडक प्लास्टिकची नव्हे. कुत्र्यांसाठीची वाकणारी रबरी किंवा कापडी तबकडी घ्या. आधी ती जमिनीवरून चाकासारखी उभी घरंगळवा आणि त्याला वेगात पकडू द्या. मग गुडघ्यावर बसून, जमिनीपासून फूटभर उंचीने, आडवी आणि सावकाश. मग कुत्रा धावायला लागल्यावर त्याच्या पुढे, खांद्याच्या उंचीवर.

चकती कुत्र्याच्या डोक्यावरून उंच फेकली की तो उभा उडी मारतो, हवेत पिळवटतो आणि मागच्या दोन पायांवर किंवा एका पायावर उतरतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो तो अशा उतरण्यात. फेक पुढे आणि खाली असेल तर तो धावता धावताच पकडतो आणि चार पायांवर राहतो. कुत्र्याच्या डोक्यावर कॅमेरा लावून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कुत्रा तबकडी कुठे पडेल याचं गणित करत नाही. ती आपल्या नजरेत सरळ रेषेत सरकत राहील अशा बेताने तो धावतो. वारा असेल तेव्हा तबकडी अचानक वळते आणि नवखा कुत्रा गोंधळतो तो यामुळे. शिकवायला वारा पडलेली वेळ निवडा.

किती, कधी, कुठे

एका वेळी किती फेऱ्या?

शिकणाऱ्याला पाच ते आठ. सरावलेल्या, निरोगी, प्रौढ कुत्र्याला मधे मधे थांबत दहा ते पंधरा, दिवसातून दोनदा. थांबायची वेळ म्हणजे त्याला आणखी हवं असताना. चेंडू फेकायचा लांब दांडा वापरलात तर फेऱ्या निम्म्या करा, कारण एका फेकीत अंतर कितीतरी वाढतं आणि प्रत्येक वेळी पूर्ण वेगाने धाव, अचानक थांबणं आणि वळणं. सांधे झिजतात ते या थांबण्या-वळण्यात. सुरुवातीला पाच मिनिटं पट्ट्यावर चालवून अंग गरम करून घ्या, शेवटीही चालवा.

एक युक्ती: चेंडू पडून स्थिर होईपर्यंत कुत्र्याला बसवून ठेवा आणि मग पाठवा. धाव कमी वेगाची होते आणि डोकं जास्त चालतं. म्हाताऱ्या किंवा संधिवात असलेल्या कुत्र्यासाठी तर हीच रीत.

फरशीवर खेळलं तर चालेल का?

गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. रबरी चटई किंवा सतरंजी घाला, आणि सतरंजी स्वतःच सरकत नाही ना ते बघा. नखं वाढलेली असतील तर आधी कापा.

उन्हात खेळवताना काय बघायचं?

कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही, तो धापा टाकून थंड होतो, आणि चेंडू तोंडात असताना नीट धापही टाकता येत नाही. चेंडूवेडा कुत्रा दमलो म्हणून थांबत नाही, तुम्हीच थांबवायचं. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवत नसेल तर ती त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पहाट किंवा संध्याकाळ बरी. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्ण आणि दमट हवेत धावण्याचा खेळच नको.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, हिरड्या गडद लाल होणं, लाळ घट्ट होणं, पाय लटपटणं ही उष्माघाताची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ते ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि हे करत करतच पशुवैद्याकडे निघा.

पाण्यात चेंडू फेकणं सुरक्षित ना?

सांध्यांना चांगलं, पण प्रत्येक उचलण्यात तो पाणी गिळतो. फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि हे जिवावर बेततं. उलटी, फुगलेलं पोट, झोकांड्या, शून्य नजर दिसली तर थेट दवाखाना. गोल चेंडूपेक्षा चपटं खेळणं घ्या, त्याला जबडा कमी उघडावा लागतो. दहा मिनिटांनी बाहेर काढून लघवी करू द्या.

जेवणानंतर किती वेळाने?

निदान दीड-दोन तासांनी. खोल छातीच्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, तिथे ही वेळ कमी करू नका. खेळ झाल्यावरही श्वास शांत होईपर्यंत जेवण नको, पाणी थोडं थोडं.

चेंडू घशात अडकला तर?

समोरून बोटं घालून ओढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. कुत्र्याला आडवा पाडून खालच्या जबड्यामागे, गळ्यावर बाहेरून, चेंडूच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगठे टेकवा आणि तो तोंडाच्या दिशेने पुढे दाबत ढकला. दुसऱ्या कुणीतरी जबडा उघडून धरावा. निघाला तरी घसा सुजलेला असतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लेझरचा ठिपका पळवला तर व्यायाम होतो ना?

व्यायाम होतो, पण त्यात पकडता येण्यासारखं काही नाही. काही कुत्रे मग भिंतींवरच्या सावल्या आणि उजेडाच्या तिरिपा तासन्‌तास शोधत राहतात, आणि ती सवय सोडवणं फार कठीण जातं. चेंडू निदान दातात तरी येतो.